मागे म्हणजे कुठे?

“मावशी, मागे… मागे… अहो मावशी, मागे या ना!”

पडद्याआडून आवाज इतक्या कळकळीनं आला की ती खरोखरच मागे सरकली. तिच्या हातात गरम पाण्याचा ट्रे होता. पायात वायर असेल, कुणाची काठी आडवी पडली असेल, असं तिला वाटलं. पुढे यातलं काहीच नव्हतं. मागे मात्र ट्रॉली होती, ट्रॉलीवर बोटांच्या व्यायामाच्या रबरी चेंडूंचं टोपलं होतं, आणि तिचं कोपर लागल्यावर ते ट्रॉलीवर राहिलं नाही.

चेंडू दवाखानाभर पसरले. काही पलंगांखाली गेले, काही वजनकाट्यापाशी जमले, आणि एक दाराबाहेर पडून जिन्याच्या एकेका पायरीची विचारपूस करत खाली गेला. पाणी तेवढं सांडलं नाही. हातातलं सांडू द्यायचं नाही, ही तिची जुनी खोड होती.

ट्रे खाली ठेवून तिनं पडदा बाजूला केला. आत बाकावर एक तरुण बसला होता. दोन्ही हातांत धरायचा छोटा गेम, त्यावर वाकलेली मान, कपाळावर आठ्या.

“मावशी कोणाला म्हणालात?”

त्यानं वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग तिच्यामागून घरंगळत निघालेल्या एका पिवळ्या चेंडूकडे.

“तुम्हाला नाही. हिला.”

त्यानं गेमचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर अंबाडा घातलेली एक भक्कम बाई उताणी पडली होती, आणि एक काटकुळा तलवारवाला तिच्याभोवती नाचत होता.

“गेममध्ये हिचं नाव काहीतरी वेगळंच आहे. पण आम्ही लहानपणापासून हिला मावशीच म्हणतो. वेळेत मागे आली असती तर वाचली असती.”

“मी आले मागे.”

“हो… दिसलं.” तो जरा ओशाळला. “तिच्यापेक्षा तुम्ही जास्त ऐकता.”

तिला वैताग आला. तोवर तो गुडघ्यांवर बसून चेंडू गोळा करायला लागला होता. ती बघत राहिली. उजव्या हाताचं ठीक होतं. डाव्या हातानं मात्र तो चेंडू नुसत्या बोटांनी उचलत होता, अंगठा बाजूला ठेवून, जणू तो अंगठा दुसऱ्या कुणाचा होता आणि त्याला धक्का लागलेला चालणार नव्हता.

“अंगठा कधीपासून दुखतोय?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“तुम्ही माझेच पुढचे पेशंट असणार,” ती म्हणाली. तिला हे सांगताना मुळीच आनंद झाला नाही.

*

तो दात बनवायचा. म्हणजे दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि ज्या प्रयोगशाळेत कुणीतरी बसून मेणाचा दात कोरतं, मग त्याचा पक्का दात होतो, तिथला तो कारागीर. उजवा हात कोरतो आणि डावा अंगठा दात धरून ठेवतो, असं त्यानं सांगितलं. दिवसभर धरून ठेवतो.

तिनं त्याला अंगठा मुठीत घ्यायला लावला, मूठ हलकेच करंगळीच्या बाजूला झुकवली, आणि तो बाकावरून जवळजवळ उठलाच.

“अंगठ्याच्या मुळाशी दोन स्नायूंच्या दोऱ्या एका अरुंद नळीतून जातात,” ती म्हणाली. “तुमची ती नळी सुजली आहे. दोऱ्या घासतात. नुसतं दात धरून इतकं होत नाही. संध्याकाळी काय करता?”

त्यानं गेमकडे पाहिलं. गेमनं काही मदत केली नाही.

“किती वेळ?”

“थोडाच.”

“थोडाच म्हणजे?”

“म्हणजे… हरेपर्यंत. मग जिंकेपर्यंत.”

तिनं गरम पाण्यात प्लास्टिकचा पत्रा मऊ केला, त्याच्या हातावर बसवला, बोटांनी दाबून अंगठ्याचा आकार घेतला. ही आधाराची पट्टी गार होऊन घट्ट होईपर्यंत त्याचा हात आपल्या दोन हातांत धरून बसावं लागतं. हे ती रोज कुणाकुणासाठी करायची. आज मात्र तो तिच्या बोटांकडे एखाद्या परीक्षकासारखा बघत होता.

“कडा छान आल्यात,” तो म्हणाला. “मेणाचं काम केलंय का कधी?”

“गेम बंद,” ती म्हणाली. “पूर्ण. नाहीतर हे प्रकरण ऑपरेशनवर जाईल, आणि मग दात कोण धरणार?”

“बंद,” तो म्हणाला.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा तिनं पट्टी उलटून आतून पाहिली, मग ती बांधायची चिकटपट्टी पाहिली. रोज एकदा लावली-काढली तर चिकटपट्टी ज्या अवस्थेत असायला हवी, ती ही नव्हती.

“काढता.”

“अंघोळीला.”

“संध्याकाळी किती वेळा अंघोळ करता?”

 खोटं बोलण्याचा कंटाळा आल्यासारखं त्यानं सगळं सांगून टाकलं. घरचा छापखाना. वडिलांनंतर तो दादा सांभाळतो. धाकट्यानंही तिथंच उभं राहायचं, हे ठरलेलंच होतं. आणि धाकटा निघाला दात कोरायला. दादा तेव्हा एवढंच म्हणाला होता, “इथं अक्षरं जुळवायला माणूस नाही आणि हा गावाच्या कवळ्या जुळवणार.” त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. फक्त रोज संध्याकाळी, छापखान्यातलं काम उरकलं की, दादा तिथूनच गेमवर येतो. तो काटकुळा तलवारवाला म्हणजे दादा. बोलणं नाही, काही नाही. सामना संपला की पडद्यावर ‘पुन्हा?’ असं येतं, दोघं ‘हो’ दाबतात.

“मी एक दिवस आलो नाही, तर त्याला वाटेल, संपलं,” तो म्हणाला. “एवढं एकच उरलंय आमच्यात.”

“मग फोन करून सांगा ना, अंगठा दुखतोय म्हणून.”

“तो माझा फोन उचलणार नाही.”

“किती वेळा उचलला नाही?”

तो पट्टीच्या कडेशी खेळत राहिला.

“केलाच नाही अजून,” तो म्हणाला.

तिच्या हातात कात्री होती. ती तिनं आधी नीट ट्रेमध्ये ठेवली.

*

आपण असं का बोललो, याचा तिनं नंतर बराच विचार केला. विज्ञान शिकलेल्या माणसाला स्वतःच्या वागण्याचं कारण सांगता आलं पाहिजे, असं तिचं मत होतं. तिनं कारण असं ठरवलं: पट्टी चांगली बसली होती, ती फुकट गेलेली तिला बघवत नव्हती. म्हणून ती म्हणाली,

“या गेमच्या दोन्ही बाजू निघतात ना?”

निघायच्या. मधला पडदा टेबलावर उभा राहायचा, आणि डावा-उजवा असे दोन तुकडे सरकून हातात यायचे. डाव्या तुकड्यावर दिशेची छोटी दांडी, उजव्यावर ठोसे आणि लाथांची बटणं.

“उजवा तुमच्याकडे. डावा मी धरते. दादांना काय कळणार आहे?”

दवाखान्याबाहेर गच्चीसारखा रुंद सज्जा होता, त्यात एक बाक. काम संपल्यावर ती तिथं बसली, डावीकडे. तो उजवीकडे बसला. दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती, आणि समोर स्टुलावर मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. बारीक पाऊस भुरभुरत होता. पत्र्यावर त्याचा आवाज येत नव्हता, पण समोरच्या तारांवर थेंब रांगेनं बसले होते.

तलवारवाला आला.

“पुढे,” तो म्हणाला. “पुढे… आता मागे. मागे! मागे हो—”

मावशी उताणी पडली.

“मी मागे दाबलं होतं,” ती म्हणाली.

“तुम्ही डावीकडे दाबलंत.”

“मावशी डावीकडे उभी होती. तिचं मागे म्हणजे डावीकडे.”

“होती. पण दादा उडी मारून पलीकडे गेला. मग मागे उजवीकडे झालं.”

तिनं दांडी सोडून त्याच्याकडे पाहिलं. “असं कसं होईल? आमच्याकडे डावं म्हणजे पेशंटचं डावं. तुम्ही डोक्याशी उभे राहा, पायाशी उभे राहा, खिडकीत जाऊन बसा. डावं बदलत नाही.”

“आमच्याकडे दाताला डावी-उजवी बाजू नसतेच. एक जबड्याच्या मध्याकडची, एक मध्यापासून लांबची. डाव्या सुळ्याची मध्याकडची बाजू उजवीकडे, उजव्या सुळ्याची डावीकडे. कुठे काय आहे, त्यावर ठरतं.”

“मग मागे म्हणजे नक्की काय?”

“समोरच्यापासून लांब.”

“आणि समोरचा सारखा इकडून तिकडे उड्या मारत असला तर?”

“तर मागे बदलत राहतं.”

“याला दिशा म्हणत नाहीत,” ती म्हणाली. “याला मूड म्हणतात.”

तो हसला. मोठ्यानं नाही, मान खाली घालून, खांदे हलवत. तेवढ्यात मावशी पुन्हा पडली. पडद्यावर ‘पुन्हा?’ आलं.

“दाबा हो,” ती वैतागून म्हणाली. “बघत काय बसलात?”

*

पुढच्या संध्याकाळी ती त्याच्याआधी बाकावर होती. त्याच्या पुढच्याही.

ती भांडत शिकली. “तुम्ही उशिरा सांगता,” ती म्हणायची. “तुम्ही उशिरा ऐकता,” तो म्हणायचा. “डोळ्यांनी बघितलेलं तोंडानं सांगून दुसऱ्याच्या अंगठ्यापर्यंत पोचायला वेळ लागतोच, यात माझा काय दोष?” “मग सांगायची वाट का बघता? माझ्याकडे बघू नका, दादाकडे बघा.” “मी तुमच्याकडे बघत नाहीये.” “बरं.” हे ‘बरं’ तो अशा आवाजात म्हणायचा की दांडी फेकून घरी जावंसं वाटे. आणि घरी गेल्यावर ते ‘बरं’ भाजी चिरताना, दात घासताना पुन्हा ऐकू येई. हा वैताग वेगळ्या जातीचा होता.

एकदा तिनं विचारलं, “ही मागे जाताना वळत का नाही? माणसाला मागे जायचं तर तो वळून चालेल ना.”

“या गेममध्ये कुणी पाठ फिरवत नाही,” तो म्हणाला. “मागे जायचं ते समोरच्याकडे बघतच. आणि मागे जाणं म्हणजे पळणं नाही. मागे दाबलं की ती हात पुढे धरते, बघा. फटका अडवते. शिवाय मावशीचा तो खास मार असतो ना, अस्तन्या सारून गिरकी घेते तो? तो नुसतं पुढे जाऊन निघतच नाही. आधी मागे धरून ठेवायचं. बराच वेळ. समोरच्याला वाटतं, घाबरली. मग एकदम पुढे, आणि बटण.”

“किती वेळ धरायचं?”

“ते कळतं.”

“हे उत्तर नाही.”

“नाही,” त्यानं कबूल केलं. “पण कळतं.”

तो मार त्यांना त्या दिवशी जमला. तिनं धरलं, सोडलं, आणि नेमक्या क्षणी त्यानं बटण दाबलं. मावशीनं अशी काही गिरकी घेतली की तलवारवाला पडद्याच्या टोकाला जाऊन आदळला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बाकावर मधली एका माणसाची जागा कधी गेली होती, कोण जाणे. त्याच्या दंडाची ऊब तिच्या बाहीतून येत होती, आणि ती बाजूला सरकली नाही. सरकायचं तर कुठे, डावीकडे की मागे, असा एक निरर्थक प्रश्न तिच्या डोक्यात येऊन गेला.

*

घोटाळा कोनमापकानं केला.

दर भेटीला ती त्याचा अंगठा किती वळतो ते मोजायची. सांध्यावर कोनमापक ठेवायचा, दोन पट्ट्या हाडांच्या रेषेत आणायच्या, आकडा वाचायचा. आकडा सुधारत होता. त्या दुपारी तो फारच सुधारलेला आला. तिनं पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजायला पट्ट्या लावल्या, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण चूक शोधत नाही आहोत. आपल्याला कमी आकडा हवा आहे.

ती थांबली. अंगठा बरा होतोय, आणि तिला वाईट वाटतंय. अशा हातानं कोनमापक धरायचा नसतो. हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्या दवाखान्याच्या प्रमुख बाईंना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. त्या हिला ‘कंपास’ म्हणायच्या, कारण हिच्या खिशात कोनमापक कायम असे. तो गेल्यावर ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“मॅडम, तो अंगठ्याचा पेशंट तुम्ही घ्याल का?”

“दातवाला? बरा होत आलाय की तो. काय झालं?”

“माझं मोजमाप… त्याच्या बाबतीत विश्वासाचं राहिलेलं नाही.”

मोठ्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. सज्ज्याकडची खिडकी त्यांच्याच खोलीची होती. “आकडा कमी लिहिलास?”

“नाही. लिहावासा वाटला.”

“घेते,” त्या म्हणाल्या. “त्याला नीट सांग मात्र. तुला अंश समजतात, माणसांशी बोलताना तू सरळ काटकोन करतेस.”

तिनं नीट सांगायचं ठरवलं होतं. पहिलं वाक्य, मग कारण, मग ते खरं कारण. पण संध्याकाळी सामना संपला, तुकडे अजून हातात होते, आणि तेवढ्यात आतून हाक आली: कंबरदुखीच्या आजोबांना पलंगावरून उठता येईना. ती घाईत उठली. म्हणाली, “उद्यापासून तुमचं मोठ्या मॅडम बघतील. मी नाही.”

“म्हणजे? माझं काही चुकलं का?”

“तुमचं नाही. मी… थांबा, आलेच मी.”

आजोबांना उठवून, बसवून, पुन्हा निजवून ती बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता. पडदा नव्हता, उजवा तुकडा नव्हता, तो नव्हता. तारांवर थेंबही नव्हते.

*

दुसऱ्या दिवशी तो मोठ्या मॅडमकडे आला. पडद्यापलीकडून त्याचा आवाज ऐकू येत होता. सगळ्याला “हो मॅडम” म्हणत होता. ती सज्ज्यात जाऊन बसली. तो बाहेर पडला, तिला पाहून मान लववली, एखाद्या बँकेतल्या माणसाला लववतात तशी, आणि जिना उतरून गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती बाकावर बसून राहिली. समोरचा माणूस उडी मारणार हे ज्याला पाय उचलायच्या आधी कळतं, त्या माणसाला एक साधी गोष्ट कळू नये. बाई उठून जाते, मग ‘थांबा’ म्हणते, याचा अर्थ थांबा असाच होतो ना? आणखी कोणता होतो?

चरफडत तिनं कोटाच्या खिशात हात घातला. कोनमापक. कात्री. आणि त्याखाली काहीतरी गुळगुळीत, अंगठ्याएवढ्या दांडीचं.

डावा तुकडा.

ती तशीच बसली. त्या संध्याकाळी आजोबांची हाक आली तेव्हा तो हातात होता, तो खिशात गेला. म्हणजे परवापासून हा माणूस खेळलेलाच नाही. खेळूच शकला नाही. म्हणजे दादा तिकडे तलवार घेऊन एकटाच उभा. आणि हा शहाणा, आपलं एवढं एकच उरलेलं, ते तिच्या खिशात आहे हे माहीत असून, मान लववून निघून गेला. मागितलं नाही.

“मॅडम, मी जरा जाऊन येते,” ती आत डोकावून म्हणाली.

“पडदे आवरून जा,” मोठ्या मॅडम म्हणाल्या. मग वर न बघता म्हणाल्या, “नको, जा. मी आवरते.”

*

दातांची प्रयोगशाळा एका छपाईच्या कागदाच्या गोदामावर होती. फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, वरचे वर, खालचे खाली. सगळीकडे पांढरी धूळ. टेबलाशी छोटी ज्योत जळत होती आणि तो मेणाच्या दाढेवर वाकला होता. पट्टी हातावर होती. दाढ अंगठ्यानं धरलेली नव्हती. एका चिमट्यात बसवली होती. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तशी.

त्यानं तिला पाहिलं. “मॅडम? मोठ्या मॅडमनी काही—”

तिनं खिशातून तुकडा काढून त्याच्यासमोर, दाढेशेजारी ठेवला.

“हे माझ्याकडे राहिलं होतं.”

“हो. मला माहीत होतं.”

“मग मागायला का आला नाहीत?”

तो मेणाची सुरी पुसत राहिला, जरुरीपेक्षा जास्त वेळ. “तुम्ही मागे हटलात. मग मी पुढे येणं… बरं दिसलं नसतं.”

तिनं बोलायला तोंड उघडलं, आणि टेबलावरचा फोन वाजायला लागला. पडद्यावर लिहून आलं: दादा.

दोघंही त्या शब्दाकडे बघत राहिले.

“उचला,” ती म्हणाली.

“हाताला मेण आहे.”

“तुमच्या हाताला मेण आहे,” ती म्हणाली, “दादांचा फोन आलाय, आणि तुमच्या हाताला मेण आहे.” तिनं स्वतःच फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

आधी नुसता छापखान्याचा खडखडाट ऐकू आला. मग एक जाड, अवघडलेला आवाज.

“कुठे असतोस?”

“लॅबमध्ये.”

“दोन दिवस आला नाहीस. रागावलास का?”

“मी? तू रागावला होतास.”

“मी कशाला रागावू? चिडलो होतो, झालं. मला वाटलं, फोन करशील. तू केलाच नाहीस.”

“मला वाटलं, तू उचलणार नाहीस.”

“करून बघायचा ना, गाढवा.”

तिनं डोळे मिटून घेतले. एकटा हाच नव्हता तर. हा अख्ख्या घराचा गुण होता.

“अंगठा दुखतोय, दादा,” तो म्हणाला. त्याचा आवाज जरा बसला होता. “पट्टी घातलीय. खेळता येत नाही.”

“तेच विचारतोय. मग इतके दिवस मावशी कोण चालवत होतं? बटणं तुझी, ते मी ओळखतो. डावा हात कोणाचा होता?”

“…तुला कसं कळलं?”

“ती अडखळायला लागली. मी उडी मारली की एक क्षण थांबायची, मग मागे यायची. एक मावशी दोघांत वाटून घेतली की ती तशीच अडखळते. लहानपणी दुकानातल्या गेमच्या मशीनवर दांडी माझ्याकडे असायची आणि बटणं तुझ्याकडे, विसरलास? आपली तर कितीतरी दिवस पडायची नुसती. कोण आहे?”

तो तिच्याकडे बघत होता. फळ्यांवरचे सगळे जबडे तोंड उघडून बघत होते. तो बोलणार नाही, हे तिच्या लक्षात आलं. आणखी वर्षभर बोलणार नाही.

“माझा होता,” ती म्हणाली.

पलीकडे खडखडाट थांबला. कुणीतरी मशीन बंद केलं असावं. “अच्छा. तुम्ही कोण म्हणायच्या?”

“मी आधी यांची फिजिओ होते.”

“आधी म्हणजे? आता नाही?”

“आता नाही.”

“मग आता कोण?”

ज्योत जराशी हलली.

“तेच विचारायला आले होते,” ती म्हणाली. “तुम्ही मध्येच फोन केलात.”

 दादा खाकरला. “विचारा, विचारा. मी ठेवतो. आणि विचारून झालं की दोघं गेमवर या. मी बसलोच आहे.”

फोन बंद झाला. तो उभा होता, दोन्ही हातांना मेण, आणि चेहरा असा की आत्ता कुणी त्याला ढकललं असतं तर तो सरळ मावशीसारखा उताणा पडला असता.

“तुम्ही मला मोठ्या मॅडमकडे दिलंत,” तो हळूच म्हणाला. “मला वाटलं…”

“तुमचा अंगठा बरा होतोय म्हणून मला वाईट वाटायला लागलं. अशा बाईनं तुम्हाला तपासायचं नसतं. म्हणून मागे आले.” तिचा आवाज चिडलेलाच होता; दुसरा कोणता आणावा ते तिला सुचत नव्हतं. “तुम्हीच सांगितलंत ना, मागे येणं म्हणजे पळणं नाही? मी पाठ फिरवली होती का? सज्ज्यात बसले होते की रोज. तुमच्याकडेच तोंड करून. आणि तुम्ही… मान लववून गेलात. बँकेत लववतात तशी.”

“मला ते कळायला हवं होतं.”

“हवं होतं.”

“मी उशिरा ऐकतो.”

“फार उशिरा.”

त्यानं हात पुसले. मेण जात नव्हतं, तरी पुसले. मग खणातून गेमचा पडदा काढून टेबलावर उभा केला, दाढ बाजूला सरकवली आणि डावा तुकडा उचलून तिच्यासमोर धरला.

“धरतेस?”

‘धरता’ नव्हे, ‘धरतेस’. ते तिनं ऐकलं. उशीर न करता ऐकलं. तिनं तुकडा घेतला आणि स्टूल ओढून त्याच्या डाव्या बाजूला बसली.

तलवारवाला आलाच होता. नमस्कार-चमत्कार न करता त्यानं उडी मारली.

“मागे,” तो म्हणाला.

मागे म्हणजे कुठे, हे तिनं विचारलं नाही. तलवारवाला हवेत असतानाच तिचा अंगठा वळला होता. फटका मावशीच्या हातांवर बसून विरला.

“धर… धरून ठेव…”

“किती वेळ?”

 तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तो पडद्याकडे बघतच नव्हता.

“पुरे झालं,” तो म्हणाला. “आता पुढे.”

तिनं दांडी पुढे ढकलली. मावशी ठाम पावलांनी पुढे निघाली, अगदी तलवारवाल्याच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि काहीच न करता उभीच राहिली. दादानं क्षणभर वाट पाहिली असावी. मग त्यानं तिला आडवं केलं.

“बटण तुझ्याकडे होतं,” ती म्हणाली. “बटण तू दाबायचं होतंस. मी एवढं धरून ठेवलं, वेळेवर पुढे आले, आणि तू—”

“मी तुझ्याकडे बघत होतो.”

“दादांकडे बघायचं असतं. तूच सांगितलं होतंस.”

“बरं,” तो म्हणाला, त्याच त्या आवाजात.

पडद्यावर अक्षरं उमटली: ‘पुन्हा?’ त्याचं बोट बटणाकडे जायच्या आत तिनं त्याचा मेणानं माखलेला हात उचलला आणि त्याच्याच बोटानं ‘हो’ दाबलं.